पडद्यामागून दिसलेला ग्रह

पोपटशेठने तंबूत पेटी उघडली, तेव्हा आतून देव निघायच्या ऐवजी डोक्यावर काचेचा हंडा घातलेला गोरा माणूस निघाला. रिळांच्या वर ठेवलेला तो फोटो पोपटशेठने उलटा धरून पाहिला, सुलटा धरून पाहिला. हंडा तसाच राहिला.

"सोपानराव, हे काय आणलंत?"

सोपानराव दौंड स्टेशनावर पार्सलचा हमाल होता. अकरा वर्षं हंगामीवर काम करून आता दिवाळीपर्यंत कायम होण्याचं पत्र येईल, असं त्याला मोठ्या बाबूने सांगितलं होतं. पुण्याच्या गाडीने आलेली सिनेमाची पेटी उतरवून घ्यायची, एसटीच्या टपावर टाकायची आणि ड्यूटी संपवून घरी वाघमळ्याला जाताना पोपटशेठच्या तंबूत पोचवायची, हे काम तो तीन वर्षं करत होता. पेटी एकदाही चुकली नव्हती.

चुकण्याचं कारणही नव्हतं. पोपटशेठ नेहमी देवादिकांचाच सिनेमा मागवायचा, आणि देवादिकांच्या पेटीला पुण्याच्या हापिसात कुंकू लावलेलं असायचं. चार पेट्यांतून कुंकवाची पेटी उचलायची, की झालं. लेबल वाचायची गरज सोपानरावला कधी पडली नाही. पण काल दसरा होता, आणि परवा खंडेनवमीला त्या हापिसाने हत्यारांबरोबर दारातल्या सगळ्याच पेट्यांची पूजा केली होती. कुंकू, हळद, वर झेंडूचं फूल. सोपानरावने आज फलाटावर पाहिलं, तेव्हा बाकीच्या पेट्या ज्याच्या त्याने नेल्या होत्या; एकच उरली होती आणि तिला कुंकू होतं. त्याने ती उचलली.

"बाहेर चारशे माणूस बसलंय," पोपटशेठ म्हणाला. "पिक्चर इंग्रजी. आन् आवाजबी इंग्रजीच येणार. लोकं तंबू फाडतील माझा. मी सांगून ठेवतो, आज खेळ बुडाला तर उद्या सकाळी स्टेशन मास्तरच्या टेबलावर माझा अर्ज. तुमच्या नावानिशी."

सोपानरावच्या डोळ्यांपुढून कायमचं पत्र पुण्याच्या दिशेने निघून गेलं.

"शेठ, तुमचा भोंगा चालू हाय का?" त्याने विचारलं. "पिक्चरचा आवाज बारीक करा. मी सांगतो मराठीत."

"तुम्हाला इंग्रजी येतं?"

"पार्सलवरचं येतं."

ते खरं होतं. 'जपून उचला' आणि 'ही बाजू वर' एवढं इंग्रजी त्याला पक्कं येत होतं. पण वस्तीच्या गायनपार्टीत भीमगीतं म्हणून म्हणून त्याचा आवाज असा तयार झाला होता, की माइक हातात आला की शब्दांची वाट पाहावी लागत नसे. आदल्याच दिवशी, धम्मचक्र दिनाला, तो सकाळपासून गात होता. घसा बसला होता, पण आवेश उतरला नव्हता.

तंबूच्या मधोमध पडदा होता. पुढच्या बाजूला गाव बसायचं, मागच्या बाजूला वस्ती. मागून सगळंच उलटं दिसायचं. तलवार डाव्या हातात, अक्षरं आरशातल्यासारखी. मागच्यांना तिकीट अर्धं, त्यामुळे तक्रारीला जागा नाही, असं पोपटशेठ म्हणायचा. गावाचं कारण वेगळं होतं, पण ते तिकिटावर छापलेलं नव्हतं.

पुढच्या बाजूला सगळे जमिनीवर आणि सरपंच शंकरराव खुर्चीवर. त्यांच्या करगोट्याला एक पितळी चावी होती. दुष्काळी कामावर गावाला नवी पाण्याची टाकी झाली होती. टाकीचे दगड वस्तीने वाहिले होते, वस्तीपर्यंत पाईपही पडला होता. त्या पाईपच्या व्हॉलला कुलूप होतं, आणि ही त्याची चावी.

दिवे मालवले. पडद्यावर काळं आभाळ आलं आणि त्यातून एक लांबडं यंत्र धूर सोडत निघालं.

"माय-बाप हो," भोंगा म्हणाला, "हे नारदमुनी. चालून चालून पाय दुखले, म्हणून औंदा नवीन विमान घेतलंय."

"आन् वीणा कुठाय?" पुढून कोणीतरी ओरडलं.

"मागं सामानात टाकलीय."

लोकांनी हात जोडले. काचेचा हंडा घातलेला माणूस विमानातून उतरला, तेव्हा दोन म्हाताऱ्यांनी आहे तिथूनच जमिनीला डोकं टेकलं. पोपटशेठने मशीनच्या आडून हनुवटीवरचा घाम पुसला. पहिलं रीळ सुखरूप गेलं. दुसऱ्यात एक राक्षस येईल, मारामारी होईल, मग फुलं पडतील, असा सोपानरावचा अंदाज होता.

राक्षस आलाच नाही. दुसऱ्या रिळात एक शहर आलं. उंचावर काचेच्या घुमटाखाली गार हिरवं, कारंजी उडताहेत. खाली नुसती धूळ, आणि धुळीत फाटक्या कपड्यांतली माणसं कुदळीने खडक फोडताहेत. त्यांची बाईमाणसं भांडी घेऊन एका बंद दरवाजापुढे रांगेत उभी. वर, कारंज्याशेजारी, उंच खुर्चीत एक जाडा राजा. त्याच्या गळ्यात किल्ली.

भोंग्यातून नुसता सोपानरावचा श्वास ऐकू येऊ लागला.

"अवो," पडद्यामागून त्याच्या बायकोचा, रतनबाईचा आवाज आला, "त्या खालच्या बायका कवाच्या उभ्या हायत? त्यांना पाणी का देत न्हाईत?"

माइक त्याच्या हातात होता. नारदमुनींना पुढे करून वेळ मारून नेता आली असती. पण त्या खुर्चीतल्या माणसाला देव म्हणायला त्याची जीभ वळेना.

"टाकी त्यांनीच बांधली," सोपानराव म्हणाला. "पर चावी वरच्याकडं हाय."

पडद्यावर राजा उठला आणि हात हलवत बराच वेळ इंग्रजीत बोलत राहिला. एवढ्या लांब बोलण्याचा काहीतरी अर्थ सांगणं भाग होतं. सोपानरावला राजाच्या तोंडी शोभेल असं एकच वाक्य त्या घडीला आठवलं.

"राजा म्हणतोय, पाईप टाकलाय. पर प्रेशर कमी हाय."

हे वाक्य वाघमळ्याने चार ग्रामसभांत ऐकलं होतं. आधी एक बाई फिस्सकन हसली, मग तिच्या शेजारची, आणि मग चारशे माणसांचा तंबू वाऱ्यावाचून हलला.

"अगं बया," विठाबाई ओरडली, "ह्यो तर आमचा शंकर!"

विठाबाई सरपंचांची चुलती. वांग्याच्या मळ्यात एकटीने राबून तीन लेकी उजवल्या होत्या. तिला गप्प बसवणारा माणूस अजून गावाला मिळाला नव्हता.

सरपंच ताडकन उठले. "बंद करा ते! कुणाविषयी चाललंय, कळतंय आम्हाला!"

ते उठले आणि मशीनचा झोत त्यांच्या पाठीवर पडला. त्यांची सावली पडद्यावर चढली आणि नेमकी राजाच्या अंगावर जाऊन बसली. पोटाला पोट, डोक्याला फेटा. पुढूनही दिसली, मागूनही दिसली.

"सरपंच," भोंगा अगदी आदराने म्हणाला, "लई लांबचा ग्रह हाय ह्यो. तुम्ही कशापायी मनाला लावून घेता?"

"व्हय की," विठाबाई म्हणाली. "तिथला राजा निराळा, तू निराळा. तू देतोस न्हवं वस्तीला पाणी?"

"देतो म्हंजी... पाईप टाकलाय की!"

"पाईप हाय, सरपंच," मागून रतनबाई म्हणाली. "पाणी न्हाई. चार महिने झाले, त्यात सरडा ऱ्हातोय."

सरपंचांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. सिनेमा बंद करा म्हटलं, तर तो राजा आपणच, हे कबूल केल्यासारखं. खाली बसलं, तर तो वर बोलतच राहणार. पोपटशेठही मशीन थांबवायला तयार नव्हता. असा रंगलेला खेळ त्याने आयुष्यात पाहिला नव्हता.

"मी काय त्या राजासारखा हाय?" सरपंच शेवटी ओरडले. "आपल्या गावात पाणी समद्यांना हाय!"

"कवापासनं?" विठाबाईने विचारलं.

"उद्या..."

"उद्या कशाला? समदं गाव हितंच बसलंय. आन चावी."

तिने हात पुढे केला. चुलतीचा हात चारशे माणसांदेखत मागे ढकलायचा कसा? सरपंचांनी करगोटा सोडवला.

विठाबाई चावी घेऊन पडद्याला वळसा घालून मागे गेली. गावातलं माणूस खेळ चालू असताना त्या बाजूला जाण्याची ती पहिलीच वेळ. थोड्या वेळाने ती परत आली, तेव्हा तिच्याबरोबर रतनबाई होती, आणि रतनबाईच्या मागे सगळी वस्ती. लोक सरकले, जागा झाली. वस्तीतले म्हातारे पुढे बसून पडद्याकडे पाहत राहिले. राजाच्या शिपायांच्या तलवारी आता उजव्या हातात होत्या.

सातव्या रिळाच्या शेवटी धुळीतली माणसं त्या दरवाजाला भिडली. दरवाजा वाकला, कोसळला, आणि ती सगळी उजेडात घुसली. सोपानरावने माइक खाली ठेवला. त्या संध्याकाळी पहिल्यांदाच कोणाला त्याच्या मराठीची गरज नव्हती.

आठवं रीळ लावेपर्यंत तंबू रिकामा झाला होता. सगळे कंदील घेऊन व्हॉलकडे धावले होते. रतनबाईने कुलूप उघडून व्हॉल फिरवला आणि शेजारच्या नळाला हंडा लावला. वस्तीच्या नळातून आधी हवा आली, मग गंज, मग चिडलेला सरडा, आणि मग पाणी. असं आलं, की पहिला हंडा तिच्या हातून उडाला.

तिसऱ्या दिवशी पोपटशेठ अर्ज घेऊन दौंडला स्वतः आला. सोपानराव हातगाडीच्या आड उभा राहून मोठ्या बाबूंचा चेहरा वाचू लागला. बाबूंनी अर्ज मोठ्याने वाचला. "सदर हमाल यांनी पोचवलेल्या पेटीमुळे तीन खेळ भरगच्च झाले; आठवे रीळ लावण्याची एकदाही गरज पडली नाही. शिरूरच्या मुक्कामासही हीच पेटी व हेच हमाल मिळावेत." बाबू म्हणाले, असा अर्ज रेल्वेला आजवर आलेला नाही, तो कायम होण्याच्या कागदाला जोडून टाकू.

पुण्याला परत जायची पेटी फलाटावर होती. शेजारून जाणारे गार्ड डिमेलो साहेब वरचा फोटो पाहून थांबले.

"अरे, हा पिक्चर मी मुंबईला बघितला. काय मस्त! तो राजा एकटा सगळ्यांशी लढतो ना. हिरो आहे तो!"

"हिरो?"

"मग? खालचे लोक बदमाश. राजाचं शहर लुटायला येतात. शेवटी तो सगळ्यांना हाकलून देतो. तुम्ही काय बघितलं?"

सोपानरावने पेटीवरचं सुकलेलं झेंडूचं फूल काढून टाकलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा लेबल नीट वाचून घेतलं.

"साहेब, तुम्ही पुढनं बघितला आसंल," तो म्हणाला. "मी ल्हानपणापासनं पडद्याच्या मागनं बघत आलोय. तिथनं ह्यो असाच दिसतो."