त्रेसष्ट चित्रे आणि एक लाख माणसे

ज्या माणसाने अठ्ठेचाळीस ग्रंथांच्या सूच्या केल्या, त्याला एका यंत्रातले सामान दुसऱ्या यंत्रात हलवायला कोणी शिकवावे, ही कल्पनाच सूचीकारांना अपमानास्पद वाटली.

ग्रंथ लिहिणे हे त्यांच्या मते तुलनेने सोपे काम होते. लेखक मनाला येईल तसा भरकटतो. मग शेवटी कोणी तरी बसून, कोणता विषय कोणत्या पानावर सांडला आहे, हे अकारविल्हे मांडून वाचकाच्या हाती द्यावे लागते. हा 'कोणी तरी' म्हणजे सूचीकार. गेली चाळीस वर्षे ते लेखकांच्या मागे केरसुणी घेऊन फिरत होते आणि या उपकाराची जाणीव एकाही लेखकाला नव्हती, याची त्यांनी बारकाईने नोंद ठेवली होती.

तेव्हा शनिवारी सकाळी नवा संगणक घरी आला आणि तो जोडून देणारा संगणकवाला म्हणाला, "सर, जुन्यातलं सगळं इकडे आणायला पाच-सहा तास लागतील. आज वेळ नाही, सोमवारी येतो. तोवर जुन्याला हात लावू नका," तेव्हा सूचीकारांनी त्याच्याकडे चुकीच्या पृष्ठांकाकडे पाहावे तसे पाहिले.

"पाच-सहा तास? अहो, मी बाराशे पानांचा ग्रंथ एका वहीत आणून ठेवतो!"

"ते वेगळं, सर."

"वेगळं काही नसतं. पद्धत असली की सगळं सारखंच."

संगणकवाल्याने खांदे उडवले आणि तो गेला. स्वयंपाकघराच्या दारातून त्यांची पत्नी हे सगळे ऐकत होती.

"अहो, तो म्हणतोय तर थांबा की सोमवारपर्यंत."

"काही गरज नाही."

"माझं नगर आहे त्याच्यात."

आता या नगराविषयी सांगितले पाहिजे. जुन्या संगणकात एक खेळ होता. रिकामी जमीन मिळते, तिच्यावर आपण रस्ते आखायचे, नळ टाकायचे, शाळा बांधायच्या, म्हणजे माणसे राहायला येतात. पत्नी टेलिफोन खात्यातून निवृत्त झाली त्या आठवड्यात तिने पहिला रस्ता आखला. त्याला अकरा वर्षे झाली. तिच्या नगरात पाणी दोन्ही वेळा येई, कचरा वेळेवर उचलला जाई आणि एकही खड्डा नव्हता. म्हणजे ते काल्पनिक आहे हे कोणालाही तत्काळ कळले असते. नगर नदीच्या एकाच काठावर वसले होते, कारण लोकसंख्या एक लाख झाल्याशिवाय पूल बांधू द्यायचा नाही, असा त्या खेळाचा नियम होता. गेल्या गुरुवारी लोकसंख्या एक लाख झाली. शुक्रवारी पूल उभा राहिला. रविवारी दुपारी चार वाजता उद्घाटन ठरले, आणि ते करणार होती तिची नणंद, म्हणजे सूचीकारांची थोरली बहीण. ताई मुख्याध्यापिका होती. निवृत्त झाली होती, पण ते फक्त शाळेला माहीत होते. गेली पाच वर्षे दर रविवारी ती विचारी, "काय गं वहिनी, अजून एकाच काठावर?" आता तिने स्वतः होऊन भाषण लिहून आणायचे कबूल केले होते.

"तुझ्या खेळाचीही व्यवस्था होईल," सूचीकार उदारपणे म्हणाले. "'संकीर्ण' या सदराखाली."

"संकीर्ण?"

"किरकोळ म्हणत नाही, हे लक्षात घे."

त्यांनी पद्धतशीर सुरुवात केली. जुन्या संगणकाच्या पडद्यावर छोटी छोटी चित्रे होती. प्रत्येक चित्रावर टिचकी मारली की एक एक गोष्ट उघडे: एकावर पत्रव्यवहार, एकावर पत्नीचे नगर, एकावर त्यांची एकोणपन्नासावी सूची. सात वर्षांचे काम, चार हजार नोंदी, महिनाअखेरीस प्रकाशकाला द्यायची. अशी एकूण त्रेसष्ट चित्रे त्यांनी मोजली आणि प्रत्येकासाठी एक कार्ड लिहिले. प्रत्येक चित्राच्या कोपऱ्यात एक इवलासा वाकडा बाण होता. त्याचा अर्थ त्यांनी 'प्रगती' असा लावला.

मग त्यांनी ती त्रेसष्ट चित्रे उचलली आणि पेनड्राइव्हवर सोडली.

चार सेकंद लागले!

सूचीकारांनी पुन्हा मोजले. त्रेसष्ट. ती नव्या संगणकावर उतरवली. तिथेही त्रेसष्ट. पाच-सहा तास म्हणे! एका अख्ख्या व्यवसायाचा बुरखा आपण चार सेकंदांत फाडला, या समाधानात त्यांनी दुसरा चहा मागून घेतला.

एकही चित्र उघडून पाहिले नाही. सूची एकदा ताडून पाहिली की ग्रंथ उघडायची गरज उरत नाही, हे त्यांचे जुने तत्त्व होते.

टेबल एकच होते आणि त्यावर दोन संगणक मावत नव्हते. त्यामुळे जुन्याचे काय करायचे हे त्यांनी आधीच ठरवले होते: दोन गल्ल्या पलीकडच्या वाचनालयाला देणगी. यात औदार्य होते, पण निखळ नव्हते. सतरा वर्षांपूर्वी सूचीकार त्या वाचनालयाच्या समितीवर होते. एके दिवशी त्यांना दिसले की ग्रंथपालाने त्यांच्या सगळ्या सूच्या 'किरकोळ' अशी पाटी लावलेल्या कपाटात ठेवल्या आहेत. त्यांनी तिथल्या तिथे समितीचा आणि सभासदत्वाचा राजीनामा दिला. ग्रंथपालाशी त्यानंतर अवाक्षर नाही. अशा माणसाला संगणक दान करणे म्हणजे सूड, आणि तोही सुवाच्य अक्षरात. सोबतचे पत्र त्यांनी तीनदा लिहिले. दुपारी वाचनालयाचा शिपाई हातगाडी घेऊन आला आणि जुना संगणक पत्रासकट गेला.

रविवारी जेवणे आटोपली. पत्नीने चष्मा पुसला, नव्या संगणकासमोर बसली आणि नगराच्या चित्रावर टिचकी मारली.

"अहो."

"हं."

"माझं नगर कुठाय?"

"समोर आहे की. चित्र दिसत नाही?"

"चित्र आहे. नगर नाहीये. हे म्हणतंय, ही वस्तू जागेवर सापडत नाही."

"टिचकी नीट मारली नसशील."

"अकरा वर्षं मारतेय मी टिचकी!" ती जरा थांबली. "तुमची सूची उघडून बघू?"

"बघ ना, खुशाल बघ."

तिने पाहिले. ती वस्तूही जागेवर सापडत नव्हती. पत्रव्यवहार सापडत नव्हता. त्रेसष्टांपैकी एकही वस्तू जागेवर नव्हती. सूचीकारांच्या चेहऱ्यावरचा रंग मात्र जागेवरून निघून गेलेला स्पष्ट दिसला. त्यांनी संगणकवाल्याला फोन लावला.

"सर, कोपऱ्यात बाण आहे का?" संगणकवाला जेवत होता.

"आहे. सगळ्यांना आहे."

"मग ते शॉर्टकट आहेत, सर. खरा माल तिकडेच राहिला."

"म्हणजे काय? नीट सांगा!"

"कसं सांगू तुम्हाला…" घास गिळल्याचा आवाज आला. "सर, पुस्तकाच्या शेवटी ती पानं असतात बघा. काय कुठल्या पानावर आहे ते सांगणारी. कोणी वाचत नाही ती. तर तुम्ही तेवढी पानं फाडून आणलीत आणि पुस्तक तिथंच ठेवलंत. आलं लक्षात?"

सूचीकारांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"सर? तुम्ही स्वतः काय करता, सर?"

"मी… शिक्षणक्षेत्रात आहे," सूचीकार म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

"जुना संगणक तर आहे ना अजून," पत्नी उठत म्हणाली. "चला वाचनालयात. त्यांनी काही करायच्या आत."

नेमकी त्याच क्षणी ताई दारात उभी राहिली, हातात भाषणाचे चार कागद. "पूल कुठंय?"

"वाचनालयात," पत्नी चपला घालत म्हणाली.

"असं? नदी मोठीच दिसते!" असे म्हणून ताई तशीच मागे वळली.

वाचनालय रविवारी साडेतीनला उघडे. वाचनकक्षात अकरा जण वर्तमानपत्रांच्या आड बसले होते. दुसऱ्या टेबलावर तो जुना संगणक होता. त्याच्या पडद्यावर एक प्रश्न होता: 'यातील सर्व मजकूर कायमचा पुसायचा आहे का?' समोर ग्रंथपाल होते, आणि त्यांचे बोट 'होय' वर टेकण्याच्या बेतात होते.

"थांबा!" सूचीकार ओरडले.

अकरा वर्तमानपत्रे खाली आली. ग्रंथपालांनी तेच बोट उचलून भिंतीवरच्या 'शांतता राखा' या पाटीकडे केले.

"सतरा वर्षांनी आलात," ते कुजबुजले, "ते ओरडतच."

"पुसू नका," सूचीकारही कुजबुजले. "चुकून दिला. परत न्यायचाय."

"देणगी परत नेता येत नाही. नोंदवहीत चढली, संदर्भ विभागात. आणि जुना मजकूर पुसल्याशिवाय यंत्र वाचकांना देत नाही आम्ही."

"निदान नक्कल तरी करून नेऊ द्या!"

ग्रंथपालांनी खणातून वाचनालयाची नियमावली काढली. ते पान शोधावे लागले नाही, कारण नियमावलीच्या शेवटी उत्तम सूची होती. "कलम चौदा. 'संदर्भ विभागात दाखल झालेली वस्तू, तिचा भाग अथवा तिची नक्कल कोणत्याही कारणास्तव, कोणाच्याही विनवणीने, वाचनालयाबाहेर जाणार नाही.'"

"हे कुठल्या गाढवानं—" ताईने सुरुवात केली.

"मी," सूचीकार म्हणाले.

ते खरे होते. कोणी तरी कोशाची दोन पाने फाडून नेली होती, तेव्हा समितीवरच्या सूचीकारांनी संतापाच्या भरात हे कलम लिहिले होते. 'कोणाच्याही विनवणीने' हे शब्द त्यांनी आग्रहाने घालून घेतले होते आणि त्यांच्या नादावर ते आठवडाभर खूश होते.

"कलम बदलायचं तर समितीची सभा. ती तीन महिन्यांनी," ग्रंथपाल म्हणाले आणि त्यांचे बोट पुन्हा खाली येऊ लागले.

तेव्हा पत्नी पुढे झाली. तिचा आवाज पाटीच्या मर्यादेत होता.

"साहेब, याच्यात माणसं राहतात."

बोट थबकले. "किती?"

"एक लाख तीनशे बारा."

ग्रंथपालांनी तिच्याकडे पाहिले, मग पडद्याकडे. आयुष्यभर नोंदी करण्यात गेलेल्या माणसाला नेमक्या आकड्यापुढे नमते घ्यावेच लागते. त्यांनी 'नाही' दाबले.

"जागेवर बसून वापरायला हरकत नाही," ते म्हणाले. "फक्त सभासदांना."

"मी आहे की." पत्नीने पाकिटातून कार्ड काढले. "सतरा वर्षं झाली."

सूचीकार तिच्याकडे पाहतच राहिले. "तू? कधी?"

"तुम्ही राजीनामा दिलात त्याच्या दुसऱ्या दिवशी. घरात वाचायला नुसत्या सूच्याच होत्या, काय करणार!"

ती खुर्चीवर बसली. टिचकी मारली. आणि नदी दिसली. नदीच्या अलीकडे रस्ते, शाळा, छपरे, छपरांवर पाण्याच्या टाक्या. आणि नदीवर, एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत, तो पूल. त्याच्या तोंडाशी लाल फीत होती आणि फितीमागे मुंग्यांएवढ्या गाड्या रांग लावून उभ्या होत्या. परवापासून थांबल्या असतील बिचाऱ्या!

ताईने चार कागदांचे भाषण कुजबुजत वाचले. जन्मात पहिल्यांदाच तिचा आवाज मागच्या रांगेपर्यंत पोचत नव्हता, म्हणून मागची रांग उठून पुढे आली. अकराही वर्तमानपत्रे रिकाम्या खुर्च्यांवर पडली. बरोबर चार वाजता ताईने टिचकी मारली, फीत तुटली, पहिली गाडी पुलावर चढली, आणि अकरा वाचकांनी पाटीचा मान राखून टाळी न वाजवता हवेतच हात हलवले. पत्नी चष्मा काढून पुसत होती. तो मघाशीच पुसलेला होता.

"पलीकडच्या काठावर," ग्रंथपाल तिच्या खांद्यावरून वाकून हळूच म्हणाले, "एक वाचनालय टाकता येईल का हो?"

सूचीकार या वेळी काउंटरपाशी सभासदत्वाचा अर्ज भरत होते, कारण त्यांच्या चार हजार नोंदीही त्याच यंत्रात अडकल्या होत्या. शिफारस करणारा सभासद म्हणून पत्नीची सही घ्यावी लागणार होती. ग्रंथपाल परत येऊन अर्ज तपासू लागले, तेव्हा सूचीकारांची नजर काउंटरमागच्या कपाटावर गेली. 'किरकोळ' ही पाटी अजून होती. खाली त्यांच्या सूच्या होत्या. बोटे लागून लागून त्यांच्या कडा काळ्या पडल्या होत्या.

"अजून किरकोळच?" ते म्हणाले.

"हे कपाट हाताशी आहे," ग्रंथपाल मान वर न करता म्हणाले. "दिवसाला दहा जण मागतात त्या सूच्या. दर वेळी शिडी कोण चढणार? पाटी आधीपासूनची आहे. तुम्ही विचारलं असतंत तर सांगितलं असतं."

सतरा वर्षे नीट सांभाळलेला एक राग असा एका वाक्यात निकामी झाला. तो आता कोणत्या सदराखाली ठेवावा, हे सूचीकारांना सुचले नाही.

तेव्हापासून ते रोज अकरा ते एक वाचनालयात बसून एकोणपन्नासावी सूची पुरी करतात. प्रकाशकाचा माणूसच तिथे येऊन ती उतरवून घेणार आहे, हाताने. हाताने केले ते टिपण, नक्कल नव्हे, असा निवाडा ग्रंथपालांनी दिला आहे. चार ते पाच पत्नीची वेळ असते. त्या वेळेला खुर्च्या कमी पडतात. पलीकडच्या काठावर वाचनालय झाले आहे. त्याच्या कपाटांना पाट्या नाहीत.

घरचा नवा संगणक टेबलावर आहे. त्याच्यावर त्रेसष्ट चित्रे आहेत, कोपऱ्यांतल्या बाणांसकट. त्याच्या पडद्यावर सूचीकारांनी आपल्या सुवाच्य अक्षरातली एक चिठ्ठी चिकटवली आहे: 'पाहा : वाचनालय, टेबल दुसरे.'

पत्नीने ती चष्मा लावून दोनदा वाचली.

"ही बरोबर आहे," ती म्हणाली. "मी स्वतः जाऊन ताडून पाहिलीय."