ज्याले उभं राहायचं, त्यानं उभं राहावं!

"वॉर्ड अध्यक्षाची निवडणूक ना? चहा निवायच्या आत उरकून टाकतो!" श्यामरावांनी पक्षाच्या कार्यालयाला फोनवर छातीठोक सांगून टाकलं.

नवं राज्य होऊन वर्षही झालं नव्हतं. रायपूर राजधानी झालं आणि ज्याच्या त्याच्या कुर्त्याला कडक इस्त्री चढली! रेल्वेतून रिटायर झालेल्या श्यामरावांनाही पक्षाच्या शहर समितीत जागा हवी होती. ती मिळणार होती एकाच अटीवर : वरून आलेलं नाव समता कॉलनीच्या वॉर्डात बिनविरोध निघालं पाहिजे. नाव होतं निरंजनचं. पोरगा भला, पण वॉर्डात त्याची ओळख काय ती मोटारसायकलच्या आवाजापुरती!

रविवारी सकाळी समाजभवनात सभा भरली. पक्षाचे निरीक्षक दयारामजी हार घालून घेऊन खुर्चीत विसावले. शेजारी नटूनथटून आलेला निरंजन. सगळं सुरळीत चाललं होतं. तेवढ्यात श्यामरावांच्या अंगात लोकशाही संचारली! माईक धरून ते गरजले, "आपल्या पक्षात जबरदस्ती नाही! ज्याले उभं राहायचं असंल, त्यानं खुशाल उभं राहावं!"

पुढच्याच रांगेत अंजनाबाई होत्या. पक्षाच्या जुन्या कार्यकर्त्या. मांडी घालून घालून त्यांच्या पायाला मुंग्या आल्या होत्या. परवानगी मिळताच त्या उठल्या. बाई उठल्या म्हणून मागची बायकांची रांग उठली. राष्ट्रगीत असेल म्हणून पुरुष उठले. म्हातारे बाबाराव तर टोपी सावरून सावधानमध्ये उभे!

दयारामजींचा चहा कुर्त्यावर सांडला. "श्यामरावजी! ये पूरा वॉर्ड कैंडिडेट है क्या?"

"बसा, बसा!" श्यामराव ओरडले. "उभं राहा म्हंजे निवडणुकीले! ज्याले लढायचं नाही, त्यानं बसावं!"

सगळे भराभर बसले. अंजनाबाईही अर्ध्या वाकल्या. मग काय वाटलं कोण जाणे, तशाच सरळ झाल्या.

"बहनजी, बैठ जाइए," दयारामजी गोड हसले.

"काहून?" बाई म्हणाल्या. "पोस्टरची खळ आम्ही शिजवायची, उन्हातान्हात पाऱ्यापाऱ्यात, गल्लीगल्लीत आम्ही हिंडायचं, अन् अध्यक्षाचं नाव वरून यायचं? आजवर आम्हाले कोणी इचारलं नाही, भैया. आज श्यामरावभाऊंनी इचारलं, तर मी उभी आहो!"

अशा टाळ्या पडल्या की छतावरची कबुतरं उडाली! श्यामरावांना दरदरून घाम फुटला. पण आतल्या आत, चोरून, छातीही फुगली. ही बाई आपल्या वॉर्डातली!

"मतदान घ्या!" मागून कोणी तरी ओरडलं. "हव! हव!" सगळ्या भवनानं साथ दिली. आता मतपत्रिका कुठून आणायच्या? पाहुण्यांसाठी आणलेल्या सुपाऱ्या वाटल्या. पडद्यामागे दोन लोटे ठेवले : स्टीलचा निरंजनचा, पितळी बाईंचा. एकेक जण आत जाई, टण् आवाज होई आणि बाहेर येई. बाबाराव मात्र बिनआवाजाचे आले.

"टाकलं मत?" श्यामरावांनी विचारलं.

बाबारावांचं तोंड हलायचं थांबलं. "अरे बापा! मी तं चावून टाकलं!"

लोटे बाहेर आले. पितळी काठोकाठ भरलेला! स्टीलचा हलवला तर आत एकुलती एक सुपारी, खुळखुळ्यासारखी. दयारामजी उठले आणि आपल्या गळ्यातला हार त्यांनी बाईंच्या गळ्यात घातला. "ऐसा चुनाव पहली बार देखा!"

श्यामराव हळूच निरंजनजवळ सरकले. "मनाले लावून घेऊ नको. स्वतःचं मत स्वतःले देणं काही गुन्हा नाही."

"काका, मैंने तो काकी को दिया," निरंजन म्हणाला. "वो एक आपका था ना?"

श्यामराव पंख्याकडे पाहू लागले.

"माझं होतं ते," अंजनाबाई हार सावरत म्हणाल्या. "पोट्टा एवढा नटूनथटून आला, त्याले रिकामा लोटा कसा दाखवायचा?"

निरंजन हसला, बाईंच्या पाया पडला आणि पुन्हा वळला. "फिर काका, आपका वोट किधर गया?"

"मतदान गुप्त असते रे पोट्ट्या!" श्यामराव डाफरले. आणि शहर समितीची जागा गेली हे पुरतं ठाऊक असूनही, ते स्वतःच गोल बाजारात पेढे आणायला निघाले.