सिमेंटवाले अप्पा आणि चुन्याचा घुमट

अप्पांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते भिंत चाटत होते.

लातूरहून उदगीरच्या शाळेत बदली होऊन मला दोनच दिवस झाले होते. गावाबाहेरच्या दर्ग्याच्या जुन्या घुमटाकडे सहज फिरायला गेलो, तर कपाळावर विभूतीचे ठसठशीत पट्टे ओढलेले सत्तरीचे गृहस्थ भिंतीला जीभ लावून, डोळे मिटून उभे. मी जागीच थिजलो. त्यांनी शांतपणे जीभ आत घेतली आणि म्हणाले, "खारट हाय. सिमिटाखाली ओल कोंडली."

संध्याकाळी भाड्याची खोली बघायला गेलो, तर घरमालक हेच. खोलीखाली त्यांचं दुकान, आणि दुकान कशाचं, तर सिमेंटचं!

दुकानदाराने गिऱ्हाईक हाकललेलं मी लातूरच्या बाजारात कधी पाहिलं नव्हतं. अप्पा आधी विचारत, कुठं लावणार? जुन्या चुन्याच्या भिंतीला म्हटलं की संपलं. पोतं मिळायचं नाही, व्याख्यान मिळायचं. बिदरच्या बहामनी सुलतानांपासून सुरुवात. मग इराणी तऱ्हेची टोकदार कमान, तिला आपला दख्खनचा दगड, घुमटाच्या बुडाशी कमळाच्या पाकळ्या आणि सगळ्यावर गूळ-हिरडा घालून घोटलेल्या चुन्याचा गिलावा. "भिंतीला बी श्वास लागतो," हे त्यांचं पालुपद. गिऱ्हाईक गूळ ऐकून हसायचं आणि शेजारच्या दुकानात जायचं.

एका लग्नात तर त्यांनी माझी अब्रूच घालवली. मांडवाच्या दारात थर्माकोलची कमान होती. अप्पांनी तिला टिचकी मारली. हिच्यावर कायबी वजन न्हाई, नुसती उभी हाय, असं म्हणून तिच्याखालून जायला साफ नकार दिला. आम्ही दोघं आचाऱ्यांच्या दाराने, भज्यांच्या कढईला वळसा घालून नवरानवरीपर्यंत पोहोचलो.

यंदा उरुसाच्या दीडेक महिना आधी घुमट आतून ओला झाला. देखभाल करणाऱ्या मंडळींनी सिमेंटचा आणखी एक थर द्यायचं ठरवलं. अप्पांनी पोती तर दिली नाहीतच, उलट ते त्यांच्या हातापाया पडले. महिनाभर थांबा, आधीचं सिमेंट मी माझ्या हाताने काढतो आणि चुना लावतो, न्हाईतर घुमटाचा आतून भुगा होईल, म्हणाले. मंडळींनी कंटाळून महिना दिला. दुकानामागच्या हौदात चुना भिजत पडला आणि या वयात अप्पा छिन्नी घेऊन शिडीवर चढले. मी खाली जीव मुठीत धरून उभा.

तिसऱ्या दिवशी सिमेंटचा मोठा पापुद्रा सुटला आणि त्याच्याबरोबर कमळाच्या दोन पाकळ्याही खाली आल्या. अप्पा उतरले, तुकडे उपरण्यात गोळा केले आणि तिथेच फतकल मारून बसले.

"हे सिमिट माझंच हाय, सर."

मग त्यांच्या तोंडून एकेक कळत गेलं. दुकान नवं असताना अप्पांनीच ही पोती पुण्य म्हणून फुकट दिली होती. घुमटाचं चुन्याचं काम पिढ्यान्‌पिढ्या करणारे करीम मिस्त्री हात जोडून नको म्हणत होते. ते अप्पांचे जिवलग, दोघांचा चहा रोज एकत्र. पण ह्याचा धंदा बुडतो म्हणून हा बोलायलाय, असं अप्पा चारचौघांत म्हणून गेले. मिस्त्रींनी थापी धुतली आणि ते मुलाकडे बिदरला निघून गेले. चुन्याबद्दल अप्पा आजवर जे जे सांगत आले, ते सगळं त्या माणसाचं होतं. मला फार वाईट वाटलं.

आत्ताच्या आत्ता फोन लावा, मी म्हणालो. अप्पांनी कुठेही न बघता नंबर फिरवला, पलीकडून हॅलो आलं, आणि हे गप्प. मी मोबाईल ओढून घेतला, स्पीकरवर टाकला आणि उदगीरहून बोलतोय एवढंच म्हणालो.

"अप्पा हैं ना बाजू में?" एक थकलेला आवाज आला. "हर ईद कू फोन करतें. कुछ बोलते नईं."

मी अप्पांकडे पाहिलं. ते पाकळीचा तुकडा अंगठ्याने पुसत होते. मग मीच मिस्त्रींना सगळं सांगितलं. सिमेंट काढतोय, पाकळ्या पडल्या, चुना भिजत घातलाय.

"चूना कित्ते दिन भिगाए, पूछो उनकू."

अप्पा मोबाईलपाशी सरकले. "तीन दिन," ते कसेबसे म्हणाले.

"कच्चा है," मिस्त्री म्हणाले. "मैं आए तक हात नक्को लगाओ."