बायकोच्या नावावरचा इकामा

मुस्तफा पारकरांनी जेवता जेवता जाहीर केलं, "मी रिटायरमेंट व्हिसावर जाणार. मॅरेज व्हिसा मना नको."

समोर मुमताज माशाचा काटा काढत होती. "का? मी आवडत नाय आता?"

"तू आवडतेस. तुझा व्हिसा आवडत नाय."

कुवेतच्या राई भागातल्या स्पेअर पार्टच्या शोरूममध्ये पारकरांची उमर गेली. आता नोकरी संपली होती, आणि केपटाऊनला मुमताजच्या म्हाताऱ्या आईला जवळ कोणीतरी हवं होतं. मुमताजचे आजोबा कोकणातून बोटीने तिकडे गेले आणि तिकडचेच झाले. नात एका लग्नासाठी रत्नागिरीला आली ती पारकरांच्या हाती लागली, पण पासपोर्ट तिने तिकडचाच ठेवला. त्यामुळे पारकरांपुढे दोन वाटा होत्या. एक तर निवृत्त माणूस म्हणून स्वतःच्या मिळकतीवर जायचं, नाहीतर मुमताजचा नवरा म्हणून.

गोची होती ती नवरा म्हणून जाण्यात. कुवेतमध्ये मुमताजचा इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, कायम पारकरांच्या नावावर. ते तिचे कफील, म्हणजे हमी देणारे; त्यांनी हमी काढली की तिचा परवाना गेला. भांडणात मुद्दे संपले की ते हमखास म्हणायचे, "मी तुझा कफील हाय, ध्यानात ठेव." आता तीच आपली कफील होणार, हे त्यांनी शोरूममधल्या वाजिदला सांगून मोठी चूक केली. वाजिदने दुसऱ्याच दिवशी फोन केला. "भाभीने सुट्टी मंजूर केली तर ये की चहाला." तेव्हापासून पारकर निवृत्तीला चिकटून बसले होते.

"पप्पा, त्याला मंथली इन्कम लागतं," मुलगी शाझिया म्हणाली. ती एका क्लिनिकमध्ये फिजिओथेरपिस्ट होती आणि आडमुठे सांधे हाताळायची तिला सवय होती. "यू हॅव नो पेन्शन."

"रत्नागिरीच्या दुकानांचं भाडं येतं ना."

"दुकानं कोणाच्या नावावर हायत?" मुमताजने विचारलं.

 दुकानं पारकरांनीच बायकोच्या नावावर घेतली होती. त्या वेळी स्वतःच्या अकलेचं त्यांना इतकं कौतुक वाटलं होतं की आठवडाभर ते तेच सांगत फिरत होते.

"म्हणजे माझ्या भाड्यावर बसून खायचं आणि वर नाव रिटायरमेंटचं," मुमताज म्हणाली. "त्यापेक्षा सरळ नवरा म्हणून या."

तर मॅरेज व्हिसा ठरला. पण त्याला मुलाखत होती, आणि तीही दोघांची वेगवेगळी. लग्न खरं की कागदावरचं, हे वकिलातीला पाहायचं असतं. उत्तरं जुळली नाहीत तर अर्ज बाद, मग मुमताज केपटाऊनला आणि पारकर रत्नागिरीला. शाझियाने घरीच तालीम घ्यायचं ठरवलं आणि ती सोफ्यावर अधिकारी होऊन बसली.

"पहिली भेट कुठे?"

"लग्नात, जेवणाच्या पंगतीत," पारकर म्हणाले.

"नाय हो. दोन दिस आधी, बंदरावर. तुम्ही मासे घेत होतात."

"बेडरूमचा एसी किती वर?"

"चोवीस," पारकर म्हणाले.

"अठरा! गोधडी घेऊन झोपते मी. एवढं खोटं बोलतंय माणूस."

"रात्री घोरतं कोण?"

यावर दोघांनी एकमेकांकडे बोट दाखवलं आणि तालीम तिथेच आटोपली. शाझिया कपाळाला हात लावून बसली. "दे विल रिजेक्ट यू," ती म्हणाली.

मुलाखतीच्या सकाळपर्यंत दोघांनी त्या उत्तरांचा विषय पुन्हा काढला नाही. आधी पारकरांना आत बोलावलं, मग मुमताजला. थोड्या वेळाने अधिकारी बाईंनी दोघांनाही समोर बसवलं. 

"तुमचं एकही उत्तर जुळत नाही," बाई इंग्रजीत म्हणाल्या. "तुम्ही म्हणता बंदरावर भेटलो, या म्हणतात पंगतीत. तुमचा एसी अठरावर, यांचा चोवीसवर. आणि घोरण्याचं तर काय सांगू? इतक्या वर्षांत स्वतः घोरतो असं कबूल करणारं कोणी मला भेटलं नव्हतं. आज एकाच घरातले दोघं भेटले."

पारकर बायकोकडे वळले. "तू पंगत का सांगितलीस? बंदर होतं ना तुझं?"

"तुम्ही पंगतीवर अडून बसला होतात म्हणून! मी म्हटलं, जाऊ दे, तुमच्यासारखं सांगू."

"अगं, मी तुझ्यासारखं सांगितलं! घोरण्याची बेइज्जती घेतली अंगावर!"

"मग मी काय कमी घेतली? आणि ती तर साफ खोटी!"

"खोटी? चल, शाझियाला विचारू!"

बाईंना यातलं अक्षर कळेना. त्यांनी बाहेर बसलेल्या शाझियाला बोलावून घेतलं. तिने थोडा वेळ ऐकलं आणि इंग्रजीत समजावलं, की दोघंही खोटं बोलले आहेत, पण एकमेकांसाठी, आणि आता भांडण चाललंय ते आधी न विचारल्याचं.

बाई हसल्या. "कागदावरच्या लग्नात माणसं इतकं मन लावून भांडत नाहीत. मी शिफारस करते." मग पारकरांकडे पाहून त्यांनी नियम सांगितला. त्यांचं तिथलं राहणं बायकोच्या पाठिंब्यावर असेल. तिने तो काढून घेतला तर त्यांना देश सोडावा लागेल. हे मान्य आहे का?

पारकरांनी मान हलवली. बाहेर येऊन बाकावर बसल्यावर मात्र त्यांचा चेहरा उतरला. आपण कोणाच्या तरी मर्जीवर राहणार, हे त्यांना खरोखर आत्ताच कळलं होतं, आणि चांगलीच भीती वाटली होती.

"मुमताज, इथे तुझंही असंच होतं की. तुला कधी भीती वाटली?"

"वाटायची ना. तुम्ही ते कफील म्हटलंत की वाटायचं, आता मला परत धाडतात." ती पर्स आवरत म्हणाली. "भांडण झालं की मीच पहिली चहा घेऊन यायची. तुम्हाला काय वाटलं, माझी चूक असायची?"

इतकी वर्षं त्यांना तसंच वाटत होतं. पारकरांना स्वतःची मनापासून लाज वाटली. ते उठले.

"कुठे निघालात?"

"खाली चहाचं मशीन हाय," पारकर म्हणाले. "साखर किती घालू?"