पायांचे फोटो काढणारी टिटवी

मुलांनो, एका जंगलात एकदा खरेपणाची साथ आली. सिंहमहाराजांनी दवंडी पिटली, "तळ्याकाठची अंडी कोण तुडवतं, ते मला कळलंच पाहिजे. जा, खरेखुरे फोटो काढून आणा! सगळ्यात खऱ्या फोटोला बक्षीस!"

तीन छायाचित्रकार निघाले. मोर, गिधाड आणि टिटवी.

टिटवीला बक्षीस नको होते. तळ्याकाठच्या मातीत तिने चार अंडी घातली होती. तीन तुडवली गेली होती. चौथे उरले होते.

मोर महालाच्या बागेत वाढलेला. त्याच्या प्रत्येक फोटोच्या कडेला कुणाचा तरी पिसारा येई. "हा कुणाचा बरं?" असे कुणी विचारले की मोर लाजे.

गिधाडाचे घराणे मोठे. सात पिढ्या दुसऱ्याच्या दुःखाशेजारी बसून काढलेल्या. ते सशाला म्हणाले, "जरा मान टाका. डोळे मिटा."

"अहो, मी आत्ताच जेवून आलोय!"

"असू दे. फोटोत कळत नाही."

टिटवीला उडता येई, पण अंडी काही उडत नाहीत. त्यामुळे तिची नजर कायम खाली. तिच्या फोटोंत नुसते पायच आले.

सभा भरली. टिटवीच्या एका फोटोत अंड्यावर खूर होता. वरचा पाय पांढरा, मोजा घातल्यासारखा. सभेतल्या सगळ्यांनी हळूच प्रधान गव्याच्या पायांकडे पाहिले. गवा गवतात सरकला.

"यात चेहरा कुठे आहे?" महाराज म्हणाले. "चेहऱ्याशिवाय ओळखायचं कसं?"

"महाराज, एकदा माझ्याशेजारी जमिनीवर आडवे व्हा. तिथून सगळं दिसतं."

"व्हा ना महाराज!" गिधाड चटकन पुढे आले. "मी लगेच फोटो काढतो."

महाराज एकदम ताठ उभे राहिले. त्यांनी 'सशाचा अखेरचा श्वास' या फोटोला घाईघाईने बक्षीस दिले आणि सभा संपवली. सगळ्यात जास्त टाळ्या सशाने वाजवल्या.

प्रधान गवा लगेच तळ्याकडे डुंबायला निघाला. टिटवी त्याच्या आधी उडत पोचली. अंड्याला तडा गेला होता. आतून टकटक ऐकू येत होती. आणि वरून पांढरा पाय येत होता.

टिटवी जिवाच्या आकांताने ओरडली. गव्याने कान हलवला, एवढेच.

मग तिने कॅमेरा डोळ्याला लावला. रोल केव्हाच संपला होता.

पाय हवेत थांबला. गव्याने मान खाली घातली.

"या वेळी चेहरा येतोय ना, टिटवीबाई?"

"येतोय तर! काय रुबाब, प्रधानजी! पाय मात्र तसाच राहू द्या."

"असा?"

"थोडा वर. हं. आता हसा."

गवा हसला. पायाला मुंग्या आल्या, तरी हसत राहिला.

"झालं का?"

"डावी बाजू राहिलीय."

कवच फुटले. पिल्लू बाहेर आले, आणि टिटवीच्या पिल्लांच्या रीतीप्रमाणे थोड्याच वेळात तुरुतुरु पळत गवतात शिरले.

"फोटो कधी मिळेल?" गव्याने विचारले.

"धुवायला टाकते हं," म्हणत टिटवी पिल्लामागे उडाली.

तात्पर्य : मोठ्यांचे खरे फोटो काढण्यात आयुष्य घालवू नये. रिकामा कॅमेराही पुरतो. फक्त 'झालं' म्हणायची घाई करू नये.