शिट्टीचा करार

एका बाईच्या स्वयंपाकघरात ओटा आणि फ्रिज यांच्यामध्ये दीड फूट जागा होती. तिथे उभी राहून ती गायची, धाकटी बहीण फोनवर टिपायची आणि लाखभर लोक ते व्हिडिओ बघायचे. गळा खरंच गोड होता. आपलं गाणं लोकांनी मनापासून ऐकावं, एवढीच तिची हौस. एका संगीत कंपनीने तिला करारबद्ध केलं तेव्हा तिला आकाश ठेंगणं झालं.

कंपनीने तिचं पहिलं पॉप गाणं शास्त्रशुद्ध पद्धतीने काढलं. ध्वनिबंद खोली, परदेशी माईक, श्वास कधी घ्यावा यासाठी स्वतंत्र सल्लागार. गाणं बाहेर आलं आणि सपशेल आपटलं. चारशे जणांनी ऐकलं, त्यातले निम्मे कंपनीचेच कर्मचारी, तेही परिपत्रक निघाल्यावर.

रीतसर चौकशी समिती बसली. समितीप्रमुखांनी जुन्या व्हिडिओंचे आलेख भिंतीवर लावले.

"बाई, प्रत्येक व्हिडिओत प्रेक्षक नेमके इथे उसळतात. इथे तुम्ही काय करता?"

बाईने कान देऊन ऐकलं. "मी काही नाही हो. कुकरची शिट्टी झालीय."

"आणि ही माहिती तुम्ही आमच्यापासून दडवून ठेवलीत?"

दुसऱ्याच दिवशी कुकरसाठी गाडी आली. रिकामा कुकर तापवणं सुरक्षा नियमांत बसेना, म्हणून आत चार बटाटे मंजूर झाले. नवी आवृत्ती तुफान चालली. मग समितीच्या ध्यानात आलं, की दोन शिट्ट्यांच्या मध्ये कुणीतरी गातं आणि तेवढ्यात लोक कंटाळतात. गाणं काढून टाकण्यात आलं. कुकर नखरे करत नाही, मुलाखती देत नाही आणि कितीही तापला तरी सूर सोडत नाही, असा अभिप्राय फाइलवर पडला. पाचव्या महिन्यात बाईला नारळ मिळाला.

"बरं, मग मी आपली घरी गाते," बाई म्हणाली.

"तसं चालणार नाही," कायदा अधिकारी म्हणाले. "तुमचा सुरेल आवाज तीन वर्षं कंपनीचा. बेसूर गा, तो तुमचाच."

"अहो, पण तुम्हाला नकोय ना माझा आवाज?"

"नकोय. पण आमचा आहे."

घरी येऊन बाई ढसाढसा रडली. बहीण उसळून म्हणाली, "ताई, तू गाच! फार तर काय, नोटीस येईल!"

बाई जीव ओतून गायली. गाणं असं झालं, की बहीण रेकॉर्डिंग थांबवायचंच विसरली. व्हिडिओ चढवला आणि दोघी नोटिशीची वाट बघू लागल्या. पोस्टमन दिसला की बाई जिन्यात धावायची. महिना गेला, दोन गेले. शेवटी तिनेच कायदा अधिकाऱ्यांना फोन लावला.

"साहेब, माझ्या नोटिशीचं काय झालं?"

"निघणार नाही, बाई. निदान एका श्रोत्याने गाणं शेवटपर्यंत ऐकल्याशिवाय करारभंग सिद्ध होत नाही."

व्हिडिओ अजून तिथेच आहे. गेल्या आठवड्यात तुमच्याही फोनवर आला होता. चार सेकंद झाले तरी शिट्टी होईना, तेव्हा तुम्ही तो अंगठ्याने वर सरकवलात.