ओगल्यांचं अर्थिंग

टेकडीवरच्या रेडिओ केंद्राचं अर्थिंग यापुढे घेणार नाही, असं तिथल्या जमिनीने मार्च महिन्यात कळवलं. इतकी वर्षं तुमच्या यंत्रांमधलं नको असलेलं सगळं मी पोटात घेतलं, आता जागा नाही, एवढंच तिचं म्हणणं होतं. खड्ड्यात नवीन मीठ आणि कोळसा भरून पाहिला, पाणी ओतून पाहिलं, केंद्रसंचालकांनी स्वतः खड्ड्याशी उभं राहून दोन शब्द सांगून पाहिले. जमीन बधली नाही. अर्थिंगशिवाय स्टुडिओत घरघर शिरते, मग बातम्या आणि पिठाची गिरणी यांत फरक राहत नाही. अशा वेळी जमिनीच्या जागी कर्मचारी नेमावा असा नियम होता.

ज्याचा अडथळा सर्वांत कमी, तो माणूस या कामाला योग्य. मुख्य अभियंता हुद्दार सगळ्यांना मीटर लावत हिंडले. संचालकांना लावला तेव्हा काटा उजव्या टोकाला जाऊन आपटला. युनियनच्या पाटणकरांना लावल्यावर मीटर दुरुस्तीला द्यावा लागला. टेप लायब्ररीतल्या ओगल्यांना लावला तर काटा शून्यावरून हललाच नाही. हुद्दारांनी सेल तपासले. सेल ठीक होते.

यात नवल नव्हतं. ओगले कुणालाही नाही म्हणत नसत. दुसऱ्यांच्या दिवाळीच्या ड्यूट्या त्यांच्या गळ्यात पडायच्या, तिसऱ्याच्या चुकीची बोलणीही तेच खायचे. तोंडातून ब्र निघायचा नाही. निवड झाल्यावर त्यांना, खरं सांगायचं तर, अभिमान वाटला. आपला सोशिकपणा अखेर यंत्राला तरी कळला, असं त्यांच्या मनात आलं.

सकाळी त्यांच्या घोट्याला तांब्याची पट्टी आवळली जाई आणि पाय मीठ-कोळशाच्या घमेल्यात ठेवले जात. दुपारी शिपाई त्यावर कळशीभर पाणी ओती. आवाज काचेसारखा स्वच्छ झाला. स्टुडिओतलं सगळं नको असलेलं ओगल्यांत उतरत होतं. संध्याकाळी प्रसारणाची सभा संपली की ते खाली क्वार्टरवर जात, बायकोवर अर्धा तास डाफरत आणि हलके होऊन झोपत.

तिसऱ्या आठवड्यात घरघर परत आली.

"अर्थिंग एकाच जागी उतरायला हवं," हुद्दार म्हणाले. "दोन जागी उतरलं की मध्येच करंट फिरत बसतो आणि घरघर येते. ओगले, तुमचं दुसरं टोक कुठे आहे?"

"मला कुठलं आलंय दुसरं टोक, साहेब?"

हुद्दारांनी मीटरची एक चिमटी ओगल्यांच्या बोटाला लावली आणि काटा नेईल तिकडे दोघं चालू लागले. काट्याने त्यांना टेकडी उतरवून ओगल्यांच्याच दारात आणलं. प्रमिलाबाई तांदूळ निवडत होत्या.

"वहिनी, जरा हात," म्हणत हुद्दारांनी दुसरी चिमटी त्यांच्या बोटाला लावली. काटा शून्याच्या खाली गेला. मीटरवर तिथे आकडे छापलेले नव्हते.

हुद्दारांनी वहिनींच्या बोटाची चिमटी काढली. मग म्हणाले, "ओगले, तुम्ही अर्थिंग नव्हेच. तुम्ही नुसती तार. सगळं इथे उतरतंय. किती वर्षं झाली लग्नाला?"

ओगल्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. साहेब पुढे काय म्हणणार ते त्यांना कळलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा ते म्हणाले, "नाही. हिला मी नेऊ देणार नाही."

त्यांच्या बोटाला चिमटी तशीच होती. काटा सरसर उजवीकडे गेला.

"झालं!" हुद्दार हळहळले. "आता तुम्ही तारेच्याही कामाचे राहिला नाहीत. आता वहिनींना थेटच जोडावं लागेल."

प्रमिलाबाईंनी सूप बाजूला ठेवलं. "किती वाजता यायचं?" त्यांनी विचारलं.

त्या रुजू झाल्या. पट्टी त्यांच्या घोट्याला आली, घमेलंही त्यांना मिळालं. घरी गेलं की दुसरं टोक पुन्हा जुळण्याचा धोका, म्हणून त्यांची राहायची सोय केंद्रातच झाली. आवाज असा झाला की श्रोत्यांना निवेदिकेच्या बांगड्याही ऐकू येऊ लागल्या. ओगले लायब्ररीत परतले. आता ते प्रत्येकाला नाही म्हणत, आणि कुणी मनावर घेत नसे.

एका दुपारी ते डबा घेऊन कंट्रोल रूमच्या मागे गेले. प्रमिलाबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. पाय मिठाने पांढरे पडले होते.

"फार त्रास होतो का गं?"

"नाही हो. घरच्यासारखंच आहे." डबा जवळ ओढत त्या म्हणाल्या, "इथे पट्टी दिसते तरी."

ओगल्यांना रडू कोसळलं. माफी मागायला त्यांनी हात पुढे केला, तसा आत काचेपलीकडे स्पीकर घरघरला.

"साहेब," प्रमिलाबाईंनी हुद्दारांना हाक मारली, "यांना जरा लांब उभं करा. बातम्यांची वेळ झाली."

ओगले लांब उभे राहिले. बातम्या अगदी स्वच्छ ऐकू आल्या.